डाव्या पायातली गाठ आणि हिराबायचे हात

मासे कापायला बंदी झाली म्हणून मी लिहायला बसले. नाहीतर माझ्यासारखीला पेन हातात धरायला सवड कुठली! रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू होती. ती चालू असेपर्यंत सुरी लागू द्यायची नाही, काटा टोचू द्यायचा नाही, कारण एकदा आलेलं रक्त लवकर थांबत नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. मासळीवर जगणाऱ्या बाईला सुरीला हात लावू नको म्हणणं म्हणजे भटजीला मंत्र म्हणू नको म्हणण्यातलाच प्रकार. हात रिकामे पडले की डोकं नको तिथे फिरतं. म्हणून लिहायला घेतलं. तेव्हा ते अर्धवट राहिलं, आता पूर्ण करतेय.

मी दहावी झालेली आहे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, तेव्हा औषधांची नावं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. पण आमच्या किनाऱ्याला अजूनही कुणाचा पाय सुजला की आधी तेलाची बाटली निघते. ती बाटली उघडण्याआधी कुणीतरी हे वाचावं असं मला फार वाटतं.

दोन घरं, एक भिंत

आमचं गाव तारापूरच्या किनाऱ्याला. नितीनचे बाबा बोटीवर तांडेल आहेत, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालते. घर मात्र त्यांच्या शब्दावर चालत नाही, कारण महिन्यातले बरेच दिवस ते पाण्यावरच असतात. नितीन आमचा एकुलता एक. बोईसरच्या कारखान्यात लागला आणि बायकोला घेऊन कुंभवलीत खोली करून राहिला. शिफ्टची नोकरी, येऊन-जाऊन जमत नाही. त्याला दोष नाही देत.

तर माझं रोजचं माणूस म्हणजे हिराबाय. माझी थोरली जाऊ. भावजी गेले, मुलगी लग्न होऊन डहाणूकडे गेली, तेव्हापासून ती एकटी. तिच्या आणि माझ्या घरात एक भिंत आणि दोघींचं मिळून एक अंगण. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सुनी, मी तोंडानं वाईट हाय. मनावर घेऊ नको." मीही तोंडानं काही कमी नव्हते. त्यामुळे आमचं जमलं.

अंगणापलीकडे आमची वलांडी. बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणायच्या आणि त्यावर बोंबील वाळत घालायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोंबील कधी एकटा वाळत घालत नाहीत. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. हिराबाय खाली बसून जबडे अडकवायची, मी उभी राहून दोरीवर टाकायची. तिचे हात इतके चालायचे की मला डोकं वर करायला फुरसत मिळायची नाही. दिवसभर तेच आणि वर तिची बडबड.

एकीनं जायचं, एकीनं थांबायचं

गावच्या शाळेत लशीचा कॅम्प लागला तेव्हा आम्ही दोघी जाणार होतो. पण त्याच दिवशी बोटी लागल्या आणि बोंबील उतरले. ओला बोंबील कुणासाठी थांबत नाही. दुपार चढली की तो पाणी होतो. मी म्हटलं, "तुला साखरेचा आजार आहे, तू आधी जा. मी बघते इथलं."

ती गेली. रात्री ताप आला तिला, अंग दुखलं, आणि दोन दिवस तिनं लशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या डोसलाही गेली, पुन्हा उद्धार केला. माझी पाळी आली की काहीतरी निघायचंच. एकदा बोटी, एकदा कुणाच्या लग्नाची हळद, एकदा कॅम्पमधली लस संपलेली. हिराबाय मागे लागायची, "जा गं बये, मी हाय ना." मी म्हणायचे, जाईन पुढच्या वेळी. दुसरी लाट ओसरली होती, लोकांचे मास्क नाकावरून हनुवटीवर उतरले होते. आमच्याकडे कुणाला घाई राहिली नव्हती.

मग थंडीत दोघींना एकाच आठवड्यात कोरोना झाला. कुणाकडून आला, देव जाणे. ताप, खोकला, तोंडाची चव गेली. घरातच राहा म्हणाले. नितीनचे बाबा बोटीवर होते, त्यांना निरोप धाडला की येऊ नका, बंदरातच थांबा. भिंतीच्या पलीकडून ती खोकायची, अलीकडून मी. तेवढाच आमचा संवाद. ती दोन-चार दिवसांत उठली. मी मात्र पडूनच. मग ती माझ्या दारात ताटली ठेवायची, कडी वाजवायची आणि मागे सरून अंगणात उभी राहायची. मी दार उघडून ताटली आत घेईपर्यंत ती तिथेच असायची. "खा गं, नुसती बघू नको," असं ओरडायची आणि मग जायची.

पोटरी

ताप गेला. मी सुटले असं समजून उठले, तर डावी पोटरी भरून आली होती. उजवा पाय नेहमीसारखा आणि डावा फुगलेला, गरम, ताणलेला. पाऊल टेकलं की आतून कळ यायची. मी म्हटलं, इतके दिवस पडून होते, पाय धरला असेल. हिराबाय म्हणाली, "लचक हाय. नायतर वात. मी काढते."

आमच्याकडे बाळंतिणीला चोळायचं, पोराला चोळायचं, खलाशाचा खांदा निखळला तर चोळायचं. हिराबायचा हात त्यात गावात नावाजलेला. तिनं खोबरेल तेलात लसूण टाकून कढवलं आणि माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. रोज संध्याकाळी दोन्ही अंगठे टाचेकडून वर गुडघ्यापर्यंत दाबत न्यायची.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. पाय दुखायचाच, पण इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या अंगाला हात लावत होतं. कोरोनात हेच सगळ्यांत वाईट. ताप सोसवतो, पण माणसं तुमच्यापासून दोन हात लांब उभी राहून बोलतात आणि तुम्हाला वाटायला लागतं, आपल्यात काहीतरी घाण आहे. तिनं पाय मांडीवर घेतला त्या पहिल्या संध्याकाळी मी रडले. तिला वाटलं दुखलं. मी म्हटलं, नाही गं, चोळ.

तिनं मनापासून चोळलं. सूज उतरेना म्हणून आणखी जोरानं चोळलं.

अंगणातली सकाळ

त्या दिवशी सकाळी मी हट्टानं वलांडीवर गेले. हिराबाय जबडे अडकवत होती, मी जोड्या टाकत होते. एक जोडी टाकायला हात वर केला आणि छातीत सुरी फिरल्यासारखं झालं. श्वास आत घेतला तर तो अर्ध्यावरच अडला. खोकला नाही, ताप नाही, नुसती हवा कमी. मी दोरी धरून खाली बसले. दोरी तुटली आणि बोंबील माझ्या अंगावर.

हिराबाय ओरडली, "सुनी! तोंड काळं पडलं गं तुजं!" पन्नाशी उलटलेली, साखरेची बाई ती. तिनं मला काखेत हात घालून उचललं, अंगणातून रस्त्यापर्यंत नेलं आणि समोरून येणाऱ्या भाड्याच्या इको गाडीला आडवी झाली. आत आधीच माणसं बसलेली. "उतरा सगळी!" म्हणाली. उतरली बिचारी. बोईसरपर्यंत माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती देवाला आणि ड्रायव्हरला आळीपाळीनं शिव्या घालत होती. मला एवढंच आठवतं की तिच्या पदराला बोंबलाचा वास येत होता आणि तो वास येतोय तोवर मी जिवंत आहे, असं मी धरून चालले होते.

"मालीश कुणी केली?"

बोईसरच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, पायाची सोनोग्राफी केली, मशीनमध्ये घालून छातीचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. बहुतेक झोपल्या नसाव्यात. त्यांनी सांगितलं की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला आहे.

गाठ म्हटल्यावर मला कॅन्सर वाटला. त्या म्हणाल्या, "तसली नाही. रक्तच गोठलंय. कोरोनानं रक्त घट्ट होतं, त्यातून झालंय. लस घेतली होती?"

"नाही."

"कोरोना झालेल्या कुणालाही होऊ शकतं हे. लस घेतलेल्यांनाही होतं, पण कमी. न घेतलेल्यांना धोका जास्त." मग त्यांचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. तेलानं चकाकत होता तो. "ही मालीश कुणी केली?"

हिराबाय पडद्याशी उभी होती. तिनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "मी केली."

"अहो मावशी, जीव गेला असता यांचा! असा पाय चोळणं म्हणजे गाठ आपल्या हातानं वर ढकलणं. देवाची कृपा समजा."

डॉक्टरीणबाईंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी सांगितलं ते खरं होतं, आणि पुढच्या बाईचा पाय कुणी चोळू नये म्हणून मोठ्यानं सांगणंही बरोबर होतं. पण मी हिराबायचा चेहरा पाहिला. वर केलेला हात खाली आणायला ती विसरली होती. मग तिनं तो हात दुसऱ्या हातात धरला, पदराखाली घेतला आणि पडद्याबाहेर गेली. त्यानंतर मी हॉस्पिटलात असेपर्यंत ती मला दिसली नाही.

वॉर्डातले दिवस

पोटात सुई टोचायचे, रक्त पातळ व्हायला. पोटावर जांभळे डाग पडले होते, जणू कुणी जांभळं चेचली आहेत. सकाळी रक्त काढायचे, दुपारी ताटली यायची, वरण-भात आणि दुधी. संध्याकाळी कुणाकुणाची माणसं यायची. माझी कधी यायची, कधी नाही.

नितीन शिफ्ट सुटली की यायचा. उभ्याउभ्याच. त्याच्या तोंडावर राग असायचा आणि तो कुणावर आहे हे मला कळत होतं. "काकीला कुणी सांगितलं होतं डॉक्टरकी करायला?" असं एकदा म्हणाला. मी म्हटलं, "तिनं नाही, मीच पाय पुढे केला होता." तर म्हणाला, "तू गप्प राहा आई, तुला धाप लागते." धाप लागायचीच, म्हणून गप्प राहिले. आजाऱ्याला गप्प बसवायला घरच्यांना हे फार सोपं हत्यार मिळतं.

नितीनचे बाबा बोट लावून आले. खाटेशी बसले. ते बोलणारे नव्हेत. यंदा पापलेट कमी आहे, बर्फ महाग झालाय, असं सांगत राहिले. जाताना माझ्या पायावरची चादर उगीच सारखी केली आणि बाहेर जाऊन जिन्यात रडले. हे मला बाजूच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं. तिचा नवरा कारखान्यात कामाला, बिहारची होती. "दीदी, तुम्हारे आदमी सीढ़ी पे बैठके रो रहे थे," म्हणाली. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी! दुसऱ्याच्या रडण्यानं बरं वाटावं अशी वेळ कुणावर येऊ नये, पण वाटलं.

तिनेच एकदा माझा हात धरून विचारलं, तुम्ही काय काम करता. मी म्हटलं, मच्छी. तिनं हात नाकाला लावला आणि हसून म्हणाली, "बास तो आती नहीं."

मीही हुंगले. खरंच, साबणाचा वास होता, औषधाचा होता, पण मासळीचा नव्हता. लग्नाआधीपासून माझ्या हातांना तो वास होता. बाजारात, बसमध्ये लोक नाकं मुरडायचे तेव्हा मी लाजलेही होते. आता तो गेला तर मला माझे हात ओळखू येईनात. त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सगळ्या वॉर्डात माणसंच माणसं होती आणि मला वाटत होतं, माझं इथे कुणीच नाही. पडदा हलला की मी बघायची. हिराबाय नसायची.

ताटली आणि कडी

घरी आले. दोन-तीन दिवसांत नितीनचे बाबा बोटीवर गेले, कारण मासळी हंगामात घरी बसून कुणाचं भागत नाही. सूनबाईनं चार दिवस राहून घर लावून दिलं आणि तिलाही जावं लागलं.

मग कडी वाजली. मी पाय ओढत दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर ताटली. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, झाकलेला भात. अंगणात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कोरोनात ती अंगणात थांबायची, ओरडायची. आता कडी वाजवून पळायची. मी हाक मारली तर भिंतीपलीकडे भांडी वाजायची थांबायची, पण उत्तर नाही. वलांडीवर तिनं दुसरी बाई लावून घेतली होती. मी खाटेवरून बघायची. हिराबाय खाली बसून जबडे अडकवायची, बाई वरती टाकायची. आणि हिराबाय बोलत नव्हती. इतक्या वर्षांत मी तिला गप्प बसून काम करताना पाहिलं नव्हतं.

गावातल्या बायका भेटायला आल्या. एक म्हणाली, "लशीनंच झालं आसंल. लशीनं रक्ताच्या गाठी होतात, मोबाईलवर आलतं."

मी म्हटलं, "मी लस घेतलीच नव्हती. घेतली ती हिराबायनं. ती ठणठणीत आहे."

एकीनं लगेच बोंबलाचा भाव काढला. पण भिंत पातळ आहे. मी हे बोलले आणि पलीकडे पाटा-वरवंटा थांबला. ठणठणीत म्हणताना माझ्या मनात वाकडं काही नव्हतं. पण तिनं ते कसं ऐकलं असेल, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं.

सगळ्यांत त्रास मोज्याचा होता. पायाची सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा दिला होता. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी घालायचा, तोही एकही सुरकुती न पडू देता. इतका घट्ट की दोन हातांनी ओढला तरी टाचेवर अडायचा. वाकले की मला धाप लागायची. नितीनच्या बाबांनी जायच्या आधी एकदा ओढला होता, तो जाळं ओढतात तसा. मी किंचाळले, ते घाबरून बाहेरच गेले. आता मी एकटी. अर्ध्यावर ओढायची आणि तसाच ठेवायची. मग गुडघ्याखाली त्याची वळी व्हायची आणि दोरी बांधल्यासारखा पाय खाली फुगायचा. उभं राहणं होईना. मनात भीती बसली की हा पाय असाच राहणार, आणि मी वलांडीवर पुन्हा कधी उभी राहणार नाही.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. वळीचा लाल चट्टा पाहिला.

"मोजा नीट घालत नाही तुम्ही. असा घालण्यापेक्षा न घातलेला बरा. दुसऱ्यानं घालायचा असतो तो. घरात कोणी नाही का?"

मी म्हटलं, "आहे."

बोलले खरी, पण परतताना इकोत माझे डोळे वाहत होते. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं. निघण्याआधी मी डॉक्टरीणबाईंना एक विचारून घेतलं होतं. लस घेतली असती तर मला हे झालंच नसतं का? त्या म्हणाल्या, "धोका कमी झाला असता, एवढं सांगता येतं. झालंच नसतं, असं छातीठोकपणे मी नाही सांगू शकत." आणि चोळण्यानंच तुकडा सुटला का? "चोळायला नकोच होतं. पण चोळलं नसतं तरी सुटू शकतो." हे दोन्ही मी वाटभर पाठ करत आले.

मी वाजवलेली कडी

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी पाय खाली टाकला, मोजा हातात घेतला, भिंतीला धरून अंगणात आले आणि हिराबायच्या दाराची कडी वाजवली. ती आतून म्हणाली, "कोण हाय?"

मी तिच्या ओट्यावर बसले, डावा पाय ओट्यावर लांब केला आणि मोजा त्याच्यावर ठेवला.

तिनं दार उघडलं. पाय पाहिला, मोजा पाहिला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"घरी जा, सुनी."

"घालून दे. मग जाते."

"मी नाय लावणार हात."

"का?"

"नितीन बोलला. हास्पिटलच्या फाटकात बोलला, काकी, तुमी आता आईच्या पायाला हात लावू नका." मग तिचा आवाज फुटला. "बरोबर बोलला तो. तुजी लस मी घेतली. तुजा पाय मी चोळला. आणि मीच ठणठणीत हाय. तूच बोललीस."

मला तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. तुझं काहीच चुकलं नाही, डॉक्टर काहीही बोलतात, असं म्हणून मोकळी झाले असते. पण तिला ते पटलं नसतं. आम्ही दोघी एकमेकींना खोटं बोललेलं लगेच ओळखतो.

मी म्हटलं, "तुझी लस तू घेतलीस. माझी शाळेतच राहिली, ती मी आणायला गेले नाही. ठणठणीत म्हणाले ते त्या बायांना कळावं म्हणून, तुला टोचावं म्हणून नाही. आणि चोळायला नको होतं, हे खरं आहे. डॉक्टर म्हणाल्या, न चोळताही गाठ सुटू शकते. सुटलीही असती, नसतीही. ते आता कुणाला कळायचं नाही. पण मला उचलून इकोत घातलं ते कुणाच्या हातांनी? नितीन होता का तिथे?"

ती दारातच मागे सरली.

"मी मेले नाही, हिराबाय. पण तू अशी कडी वाजवून पळतेस ना, तेव्हा मेल्यासारखं वाटतं. पिंडाचा भात ठेवल्यासारखी ताटली ठेवतेस."

"काय बोलतेस भलतंसलतं!" ती एकदम जुनी हिराबाय झाली. "जीभ झडंल तुजी!"

"मग घाल मोजा."

ती खाली बसली. पाय मांडीवर घ्यायला तिला वेळ लागला. मोज्याचं तोंड तिनं दोन्ही हातांनी फाकवलं, बोटांवरून घातला, आणि टाचेपाशी येऊन अडली. पोटरीला बोट लागलं की ते मागे घ्यायची, जणू चुलीतला निखारा आहे.

"जोर लाव," मी म्हटलं. "एवढ्यानं बोंबीलसुद्धा अडकत नाही."

तिनं ओढलं. टाच पार झाली. मला कळ आली आणि मी ओठ दाबले. तिनं ते पाहिलं आणि हात सोडले.

"दुखलं?"

"दुखलं," मी म्हटलं. "सोडू नको."

तिनं डोळे पुसले, पुन्हा धरलं आणि मोजा सावकाश वर नेला, एकेक सुरकुती बोटानं साफ करत. गुडघ्यापाशी आल्यावर तिनं कड सरळ केली, थोडी लांबून पाहिली, पुन्हा सरळ केली. मग पाय मांडीवरून उतरवलाच नाही. तसंच बसून तिनं नितीनला चार शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मी त्याची आई असून मला त्या ऐकून फार बरं वाटलं.

त्यानंतर नितीन आला तेव्हा मी त्याला तिच्यासमोर बसवलं. तो मान खाली घालून म्हणाला, "काकी, मी घाबरलो होतो." ती म्हणाली, "घाबरलास तर रडायचं. बोलायचं कशाला?" आणि त्याला चहा दिला. आता आमच्या गल्लीत कुणाचा एक पाय सुजलेला आणि गरम दिसला की तीच पहिली ओरडते, "चोळू नका, बोईसरला न्या." पुढच्या कॅम्पला तिनं मला हाताला धरून शाळेत नेलं. वलांडी त्या दिवशी रोजावरच्या बाईवर सोडली.

मोजा मात्र रोज सकाळी तीच घालायची. तिची सकाळ बोंबलानं सुरू व्हायची, मग माझा पाय. हात धुऊन यायची, पण धुऊन तो वास जातो थोडाच.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. सूज बरीच उतरली होती. वळीचा चट्टा गेला होता. त्या खूश झाल्या आणि खाली सरकवलेला मोजा परत वर ओढायला जरा वाकल्या, तर त्यांचं नाक आक्रसलं.

"मावशी, या मोज्याला वास कसला येतोय?"

मी म्हटलं, "घरात माणूस आहे, डॉक्टर."